जपानमधील एका छोट्या लोहमार्गाचा इतिहास कसा लिहावा

मिरजेच्या ज्या पिढीने पंढरपूरला जाणारी ‘बार्शी लाईट’ पाहिली आहे, तिला अडीच फुटी रुळांची ओळख करून द्यावी लागत नाही. 762 मिलिमीटर रुंदीचा तो मार्ग 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाला, 1906 मध्ये पंढरपूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचला. नेमक्या याच रुंदीच्या रुळांवर जपानच्या मिए प्रांतात होकुसेई मार्गाची गाडी आजही धावते, म्हणून जपानी प्रादेशिक लोहमार्गांच्या अभ्यासाला सुरुवात करणाऱ्या सांगली-मिरजेच्या वाचकाने पहिल्यांदा तोच मार्ग हाती घ्यावा. निशी-कुवाना ते आगेकी हे अंतर 20.4 किलोमीटरच आहे, त्यामुळे एकेका स्थानकापाशी थांबून अभ्यास करता येतो.

पहिले काम कालगणनेचे आहे. जुन्या जपानी कागदपत्रांत सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष दिलेले असते. शकात 78 मिळवून इसवी सन काढण्याची सवय असलेल्या आपल्याला ते जड जाऊ नये. मेईजी वर्षात 1867, ताईशो वर्षात 1911, शोवा वर्षात 1925 आणि हेईसेई वर्षात 1988 मिळवावेत. त्याप्रमाणे ताईशो 3 म्हणजे 1914, आणि याच वर्षी होकुसेई मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. कारकीर्द बदलली त्या वर्षी मात्र महिना आणि तारीख पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण 1926 हे ताईशो 15 आहे आणि 25 डिसेंबरपासून शोवा 1 सुद्धा आहे. आकडेवारी बहुधा आपल्यासारखीच एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाची असते, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर मालकीची साखळी लावावी. होकुसेई मार्ग आरंभी त्याच नावाच्या कंपनीचा होता, 1944 मध्ये तो मिए कोत्सूकडे गेला, 1965 मध्ये किन्तेत्सूकडे आणि 2003 मध्ये सांगी रेल्वेकडे आला. प्रत्येक मालकाच्या काळातील कागदपत्रे वेगळ्या नावाखाली सापडतात, म्हणून आजच्या कंपनीच्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती शेवटची काही वर्षेच लागतात. स्थानकांचेही तसेच आहे: आजचे निशी-कुवाना पूर्वी ओयामादा होते.

मार्गाच्या नावाची फोड करून पाहणे मला सर्वांत फलदायी वाटते, कारण दोन टोकांच्या गावांच्या नावांतून एकेक चित्राक्षर घेऊन मार्गाचे नाव बनवण्याची तिकडे जुनी रीत आहे. चिबा प्रांतातील किहारा मार्गाच्या नावात ‘कि’ किसाराझूचा आणि ‘हारा’ ओहाराचा आहे. प्रत्यक्षात हा मार्ग ओहाराहून निघून 1934 मध्ये काझुसा-नाकानो येथे थांबला आणि किसाराझूला कधीच पोहोचला नाही. जे बांधलेच गेले नाही, त्याची नोंद नावात मात्र राहिली. राष्ट्रीय रेल्वेचे 1987 मध्ये विभाजन झाले आणि पुढच्याच वर्षी हा मार्ग इसुमी रेल्वेकडे गेला. काझुसा हे जुन्या प्रांताचे नाव असून, एकाच नावाची दोन स्थानके वेगळी ओळखता यावीत म्हणून असे उपपद जोडतात.

रुळांच्या रुंदीची नोंदही वर्षासह करावी. कुवाना स्थानकाजवळ असे ठिकाण आहे की, रेल्वे फाटकांतून चालत जाणारा माणूस थोड्याच पावलांत 1067, 1435 आणि 762 मिलिमीटर असे तीन रुंदींचे रूळ ओलांडतो. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज एकाच आवारात पाहिलेल्या मिरजकराला हे दृश्य फार जवळचे वाटेल. परंतु किन्तेत्सूच्या नागोया मार्गाची रुंदी 1067 वरून 1435 झाली ती 1959 मध्ये, इसे-वान चक्रीवादळानंतरच्या दुरुस्तीबरोबर. त्यामुळे कुवानाची ही तीन रुंदींची ओळख त्याआधीच्या काळाला लावणे चूक ठरेल.

नकाशांसाठी जपानच्या भूमापन संस्थेची जुनी हवाई छायाचित्रे संकेतस्थळावर पाहता येतात. त्यांत महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने घेतलेलीही आहेत. भातशेतीच्या चौकोनी बांधांमधून एखादा रस्ता कारण नसताना सावकाश वळत गेलेला दिसला, तर तो जुना रूळमार्ग असू शकतो, म्हणून त्या जागेची जुन्या नकाशाशी पडताळणी करावी.

लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक स्थानकाला एक ओळ देऊन परवाना, उद्घाटन, नामांतर, स्थलांतर आणि बंद होणे यांच्या तारखा वेगवेगळ्या रकान्यांत भराव्यात. परवाना मिळाल्याचे वर्ष उद्घाटनाच्या रकान्यात पडणे ही नेहमी होणारी चूक आहे, आणि मिरज-पंढरपूर मार्गाची टिपणे करताना ती माझ्याही हातून झाली होती. जी तारीख दोन ठिकाणी जुळत नाही, तिचा रकाना तूर्त कोरा ठेवावा.