ओर्व्हिएतो एका दिवसात कसे पाहावे

रोमहून आगगाडीने साधारण सव्वा तासात पोहोचता येणारे ओर्व्हिएतो हे गाव ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या तूफा दगडाच्या उंच कातळावर वसले आहे. बहुतेक प्रवासी थेट कॅथेड्रल गाठतात; माझ्या मते मात्र सुरुवात पाण्यापासून करावी, कारण तुटलेले कडे शत्रूला रोखत असले, तरी वेढ्यात पाणी कोठून आणायचे, ही या गावाची जुनी चिंता होती.

स्टेशनासमोरच्या फ्युनिक्युलरने (उतारावरच्या रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने) वर चढले, की जवळच सान पात्रिझियोची विहीर आहे. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर येथे आश्रयाला आलेल्या पोप सातवे क्लेमेंट यांनी ती धाकटे आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाकडे सोपवली; १५३७ मध्ये ती पूर्ण झाली, तेव्हा क्लेमेंट हयात नव्हते. सुमारे ५३ मीटर खोल विहिरीभोवती दोन स्वतंत्र चक्राकार जिने आहेत, त्यामुळे रिकामी उतरणारी आणि पाणी घेऊन चढणारी खेचरे समोरासमोर येत नसत. एका जिन्याने २४८ पायऱ्या उतरून तळाचा लहान पूल ओलांडावा व दुसऱ्याने वर यावे. पुलावर थांबून वर पाहिल्यास भिंतीतल्या खिडक्यांमधून झिरपणारा उजेड दिसतो. पायऱ्या दमट असतात, म्हणून घट्ट पकडीची पादत्राणे घालावीत.

त्यानंतर वाटाड्यासह भुयारांची फेरी करावी. रोमनांनी इसवी सनपूर्व २६४ मध्ये उद्ध्वस्त केलेल्या एत्रुस्कन (रोमनांपूर्वी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या) नगराच्या अरुंद विहिरी तेथे आहेत. त्यांच्या भिंतींत उतरण्यासाठी कोरलेल्या खोबणी आवर्जून पाहाव्यात. पुढच्या काळात कबुतरे पाळण्यासाठी खोदलेल्या कोनाड्यांच्या रांगाही तेथेच आहेत.

कॅथेड्रल दुपारनंतर पाहावे. १२९० मध्ये सुरू झालेल्या या वास्तूत आधी सान ब्रिझियो चॅपेलमध्ये, म्हणजे आतल्या लहान प्रार्थनागृहात, जावे. चित्रकार फ्रा आंजेलिको यांनी १४४७ मध्ये सुरू केलेली तेथील भित्तिचित्रे चित्रकार लुका सिन्योरेल्ली यांनी १४९९ नंतर पूर्ण केली. मृतांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात माणसे दोन्ही हातांनी जोर लावून जमिनीतून स्वतःला वर ओढतात. ख्रिस्तविरोधकाच्या (जगाच्या अंती येणाऱ्या खोट्या ख्रिस्ताच्या) चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या वेशातील सिन्योरेल्ली स्वतः फ्रा आंजेलिकोंसह उभे आहेत. मग बाहेर यावे, कारण दर्शनी भिंतीवरची सोनेरी मोझाइके मावळतीच्या उन्हात सर्वांत उजळतात. खालची संगमरवरी शिल्पे मात्र जवळ जाऊन, आदमच्या बरगडीतून निघणाऱ्या हव्वेपासून सुरुवात करून, डावीकडून उजवीकडे पाहावीत.