हलतं चित्र, हलकी फाईल: कोकणात राहून हे काम शिकणाऱ्यांसाठी

मालवण-तारकर्ली पट्ट्यात होमस्टेवाले, स्कूबा डायव्हिंगवाले, आंबा बागायतदार, सगळ्यांना हल्ली ‘काहीतरी हलतं’ हवं असतं. दोन-चार सेकंदांचं, सतत फिरत राहणारं चित्र. मी ही चित्रं तयार करून देते. कॉलेजातली मुलं-मुली येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि थोड्या दिवसांत हातात बसतं. शिकायचं असतं ते दुसरंच: चित्रात काय हलू द्यायचं आणि काय नाही. फाईलचं वजन तिथे ठरतं, आणि ते वजन उचलावं लागतं बघणाऱ्याच्या मोबाईलला.

आपल्याकडे हे जास्त जाणवतं. वाडी दरीत, टॉवर सड्यावर, घराच्या भिंती चिऱ्याच्या. अंगणात एका ठरावीक जागी उभं राहिलं तर रेंज येते. गणपतीत चाकरमानी आले की तीही वाटली जाते. अशा घरात कोणी वीस एमबीची जीआयएफ, म्हणजे अशा हलत्या चित्राची फाईल, पाठवली की काय होतं, ते एका काकूंनी मला एका वाक्यात सांगितलं होतं: ‘नुसता गोल फिरताहा गे, उघडनाच नाय.’ त्या ज्या चित्राबद्दल बोलत होत्या ते सुंदरच होतं. त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

जीआयएफ जड का होते, हे आधी नीट समजून घ्या. हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ साली आणला, तोही मुख्यतः स्थिर चित्रं सावकाश जोडणीवरून पाठवता यावीत म्हणून. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या सुट्या चित्राला, जास्तीत जास्त २५६ रंग. १९८९च्या आवृत्तीत फ्रेममधला वेळ आणि पारदर्शक रंग आला, आणि अखंड फिरत राहण्याची सोय १९९५ साली नेटस्केप ब्राउझरने जोडली. म्हणजे हलणं हे यात मागाहून आलेलं आहे. व्हिडिओत एखादी वस्तू डावीकडून उजवीकडे सरकली तर ‘हा तुकडा इतका सरकला’ एवढंच साठवता येतं. जीआयएफला ते जमत नाही. तिला दोनच गोष्टी जमतात. एका फ्रेममध्ये शेजारशेजारच्या रंगांची तीच तीच रांग पुन्हा आली तर ती थोडक्यात लिहून ठेवणं, आणि मागच्या फ्रेमपासून जो भाग बदललाच नाही तो पारदर्शक सोडून देणं. जे स्थिर आहे ते जवळजवळ फुकट पडतं. जे बदलतं त्याचे पूर्ण पैसे मोजावे लागतात.

आता समुद्राचा विचार करा. प्रत्येकाला लाटाच हव्या असतात, आणि जीआयएफसाठी लाटेइतका कठीण विषय दुसरा नाही. पाण्याचा प्रत्येक ठिपका (पिक्सेल) प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो, त्यावर उन्हाची चमक, खाली फेस. काहीच स्थिर नाही, काहीच पुन्हा येत नाही. त्यात कॅमेरा हातात धरलेला असेल तर मागचा किल्ला आणि आभाळसुद्धा थरथरतं, आणि तेही बदललेलं धरलं जातं. म्हणून किनाऱ्यावरचं काम घ्याल तेव्हा ट्रायपॉड हवाच. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाचं दृश्य असेल तर मी ओढणाऱ्यांचे हात आणि दोर तेवढे हलते ठेवते. समुद्र एका फ्रेमवर गोठवून टाकते. गिम्प या चित्रं सुधारायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेमचा थर वर ठेवायचा आणि हवा तेवढाच भाग खोडून खालचं हलतं चित्र दिसू द्यायचं. बघणाऱ्याचं लक्ष दोराकडे जातं आणि फाईल मूठभर होते. लाटाच दाखवायच्या असतील तर जीआयएफचा हट्ट सोडा, सरळ व्हिडिओ द्या.

घावण्यांचं एक काम सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळे धडे आहेत. होमस्टेच्या स्वयंपाकघरात बिडाचा तवा, वहिनी वाटीने पीठ ओततात, जाळी पडत जाते. मोबाईल तव्याच्या वर, तिरपा, स्टँडवर पक्का. पहिली गोष्ट: पडद्यावर बोट दाबून धरायचं आणि प्रकाश व फोकस लॉक करायचा. नाहीतर पांढरं पीठ तव्यावर पडताच मोबाईल आपणहून चित्र काळोखं करतो, हात बाजूला गेला की पुन्हा उजळ करतो, आणि अख्खी फ्रेम बदलते. दुसरी गोष्ट दिव्याची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूब त्या तालावर लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला पट्ट्यांच्या रूपात दिसतं, आणि त्या पट्ट्या फ्रेमगणिक सरकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की त्या जातात. मी तर दिवा बंदच करायला सांगते आणि खिडकीच्या उजेडात काम उरकते, सकाळी नऊच्या सुमारास. तिसरी गोष्ट वाफ. तिचा प्रत्येक ठिपका बदलतो, म्हणून तिच्या मागे काळपट काही असेल तर ती थोडी ठेवायची, नाहीतर स्थिर थराखाली झाकायची. आणि लूप कुठे जोडायचा? हात चौकटीच्या बाहेर गेलेला असतो त्या क्षणी. सुरुवातीला रिकामा तवा, शेवटीही रिकामा तवा. त्यासाठी वहिनींना घावणा काढेपर्यंत थांबायला सांगावं लागतं आणि मधला भाजण्याचा वेळ कापावा लागतो. जोड कुठे आहे ते मग शोधूनही सापडत नाही.

यापुढचं गणित सोपं आहे, पण ते एकदा स्वतः करून बघाच. मोबाईलवरची उभी क्लिप १०८० बाय १९२० ठिपक्यांची, सेकंदाला ३० फ्रेम, सहा सेकंद. म्हणजे १८० फ्रेम. ती ४८० रुंदीवर आणली की प्रत्येक फ्रेममधले ठिपके साधारण पाचव्या हिश्शावर येतात. सेकंदाला दहा फ्रेम आणि लांबी तीन सेकंद ठेवली की फ्रेम उरतात ३०. दोन्ही मिळून मूळ ऐवजाचा तिसावा हिस्सा, आणि अजून रंगांना हातही लावलेला नाही. जीआयएफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, म्हणून दहा किंवा साडेबारा फ्रेम असे नीट भागले जाणारे आकडे निवडा. हाताच्या चपळ हालचालीला साडेबारा बरे, बाकी सगळ्याला दहा पुरतात.

डाऊनलोड झाल्यावरही ओझं संपत नाही. उघडलेल्या चित्राचा प्रत्येक ठिपका मेमरीत चार बाइट घेतो. वरच्या ४८० रुंदीच्या तीस फ्रेम सगळ्या धरून ठेवायच्या म्हटल्या तर सुमारे ५० एमबी लागतात. मूळ आकाराच्या १८० फ्रेमना दीड जीबीच्या आसपास. डिस्कवर फाईल लहान दिसली म्हणून जुन्या मोबाईलला ती हलकी जाईल असं नाही.

रंगांबद्दल थोडक्यात. २५६ सगळे वापरायची गरज क्वचितच असते. हापूसच्या पेटीच्या चित्राला ६४ पुरतात, कधी ३२सुद्धा. संध्याकाळचं आभाळ मात्र कमी रंगांत पट्टेदार दिसतं. तिथे डिदरिंग, म्हणजे ठिपके मिसळून मधल्या छटेचा भास करणं, उपयोगी पडतं. पण विखुरलेलं डिदरिंग प्रत्येक फ्रेममध्ये वेगळं पडतं आणि फाईल फुगवतं. जाळीसारखं ठरावीक नक्षीचं डिदरिंग निवडा, ते स्थिर राहतं. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आधी त्या क्लिपपुरतं पॅलेट, म्हणजे रंगांची यादी, काढून मग ते वापरता येतं. त्यावर शेवटी जीआयएफ हलकी करणारं गिफसिकल चालवा, त्यातला ‘लॉसी’ (थोडा दर्जा सोडून फाईल लहान करणारा) पर्याय मी ३० ते ८०च्या मध्ये ठेवते. कमांड लिहायची धास्ती वाटत असेल तर सुरुवातीला ईझीजिफ ही वेबसाईट चालेल. पण एफएफएमपेग शिकाच, पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा.

आणि बऱ्याचदा योग्य उत्तर जीआयएफ नसतंच. तेच दृश्य एमपी४ या व्हिडिओच्या फाईलमध्ये कित्येक पटींनी लहान होतं. व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम जीआयएफ म्हणून जे दाखवतात ते आतून बिनआवाजी व्हिडिओच असतं. वेबसाईटसाठी व्हिडिओ देताना तो आपोआप सुरू होईल, आवाज बंद असेल, लूपमध्ये फिरेल आणि जागच्या जागी चालेल, हे चारही पर्याय साईट करणाऱ्याकडून लावून घ्या. एकही राहिला तर फोन कधी तो सुरूच करत नाही, कधी सगळा पडदा व्यापतो. अ‍ॅनिमेटेड वेबपी हा चित्र-फाईलचा प्रकार म्हणजे मधला मार्ग, चित्राच्या जागी चित्र म्हणूनच बसतो आणि रंग भरपूर देतो. जीआयएफ मी ठेवते ती सपाट रंगांच्या रेखाटनांसाठी, नकाशांसाठी, आणि जिथे दुसरं काही चढवताच येत नाही तिथे.

देवनागरी अक्षरांची काळजी वेगळी घ्यावी लागते. चित्र लहान करायच्या आधी अक्षरं टाकली की पहिला जातो अनुस्वार, मग रफार, मग जोडाक्षरांच्या आतल्या फटी भरतात. आधी चित्र अंतिम आकाराला आणा, मग जाडसर अक्षरात मजकूर टाका आणि तो सगळ्या फ्रेममध्ये एकाच जागी, एकाच रंगात ठेवा. स्थिर मजकूर फुकट पडतो. सरकणाऱ्या, उसळणाऱ्या अक्षरांचा मोह होतो, पण फोन नंबर उसळत असेल तर तो टिपून कोण घेणार?

वादळाच्या दिवसांत हीच विद्या फार गंभीर कामाला येते, म्हणून त्यावर जरा थांबते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. अशा वेळी उपग्रहाची हलती चित्रं गटागटांतून फिरतात. इन्सॅटची चित्रं भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यात अर्धा आशिया दिसत असतो, आणि ज्याच्या मोबाईलची बॅटरी शेवटच्या काट्यावर आहे त्याला अर्धा आशिया नको असतो. अरबी समुद्र आणि पश्चिम किनारा तेवढा कापून घ्या. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फ्रेमऐवजी तासाची एक घ्या, बारा तासांना बारा फ्रेम. शेवटच्या फ्रेमवर चित्र दोन सेकंद थांबू द्या, कारण ‘आत्ता कुठे आहे’ ते तिथेच वाचायचं असतं. लूप दोन-तीन फेऱ्यांनंतर बंद करा, जीआयएफमध्ये ती सोय आहे.

आणि तारीख-वेळ कापली जाऊ देऊ नका. तारीख नसलेलं जुन्या वादळाचं चित्र नव्या वादळाच्या नावाने सहज खपतं, आणि त्यावर विसंबून कोणी होडी आत घालील. या चित्रांवरची वेळ बऱ्याचदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते. त्यात साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ मोठ्या अक्षरात शेजारी लिहा. ढगांचं चित्र म्हणजे इशारा नव्हे. मच्छीमारांसाठीचा अधिकृत इशारा साध्या मजकुरात वेगळा पाठवा, कारण मजकूर एका काडीच्या रेंजवरही पोचतो.

लुकलुकाटाबद्दल एक नियम पक्का धरा. गणपतीच्या मखराचे पळते दिवे, दशावताराच्या प्रवेशाला पडणारा झगमगाट, हे सगळं छान दिसतं, पण चित्राचा मोठा भाग सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप करत असेल तर अपस्माराचा त्रास असलेल्या माणसाला झटका येऊ शकतो. वेबच्या सुलभतेच्या नियमांत ही मर्यादा लिहिलेली आहे. त्याच नियमांत असंही आहे की मजकुराशेजारी आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलत राहणारं चित्र थांबवायची सोय हवी. दशावतारातल्या कलाकारांचे चेहरे वापरायचे असतील तर कंपनीच्या मालकाला आणि त्या कलाकाराला आधी विचारा, आणि चित्र कुठे फिरणार तेही सांगा.

काम हातात देताना मी तीन फाईली देते: पहिल्या फ्रेमचा स्थिर जेपीजी, एमपी४ आणि लहान जीआयएफ. जेपीजी आधी जातो. तो एकटाही पुरेसा बोलका असायला हवा, कारण काहींना तेवढाच दिसणार आहे. पैसे फाईलच्या आकारावर किंवा सेकंदांवर ठरवू नका, नाहीतर गिऱ्हाईक ‘अजून लांब करा’ म्हणत राहतं. एका दृश्याचा एक दर सांगा, त्यात शूटिंग, एक दुरुस्ती आणि तिन्ही फाईली. मूळ क्लिप दोन ठिकाणी जपून ठेवा. पुढच्या मोसमात तेच गिऱ्हाईक उभ्याची आडवी मागायला येतं, आणि जीआयएफमधून ती परत काढता येत नाही.