जलपर्णीचं चित्र 'छान' दिसलं तेव्हा

मार्चमधली सकाळ. पुण्याजवळ, लोणी काळभोरपाशी कवडीपाटला जुन्या बंधाऱ्याच्या कडेला बसून मी जलरंगात नदी रंगवली. मुळा-मुठेवर काठापासून काठापर्यंत जलपर्णी, म्हणजे सांडपाण्यावर पोसलेलं तरंगतं तण, पसरलेली होती. पोपटी पानं, मधूनच फिकट जांभळी फुलं. चित्र मनासारखं उतरलं. पुढे आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ते लावलं, तेव्हा एक काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "किती प्रसन्न हिरवळ आहे! कोकणातलं का हो?"

काकांचं काहीच चुकलं नव्हतं. जे कागदावर होतं तेच त्यांनी वाचलं. निसर्गाची हानी चित्रातून सांगू पाहणाऱ्या नव्या मुलामुलींना मी हा प्रसंग आधी सांगते, कारण बिघडलेली जागाही दिसायला सुंदर असू शकते.

मग मी त्याच जागी पुन्हा जायला लागले. तोच दगड, तोच कोन, कागदही त्याच मापाचा. पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, नदी फुगते आणि जलपर्णी वाहून जाते. पूर ओसरल्यावर उघडं पाणी रंगवलं. थंडीत आलेले चक्रवाक पक्षी रंगवले, आणि त्यांच्या मागे बंधाऱ्याला अडकलेल्या पिशव्या आणि थर्माकोलही. प्रत्येक चित्राखाली तारीख आणि जागा लिहिली. ही चित्रं शेजारी-शेजारी लावली, तेव्हा लोक तारखा वाचत एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाऊ लागले.

त्याच प्रदर्शनात सहावी-सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, पण पानांच्या खाली काय असतं?" या प्रश्नानं माझं काम बदललं. फोटो पाण्याच्या वरचं दाखवतो. आपण मात्र नदी कापून दाखवू शकतो. पुढच्या चित्रात मी वरच्या एक तृतीयांश भागात हिरवी पानं ठेवली आणि खाली लोंबणारी काळी मुळं, अंधार, तळाचा गाळ. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळालं की ती झपाट्यानं वाढते. खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. हे सगळं शब्दांत सांगताना मुलं कंटाळायची. आता चित्रावर बोट ठेवून तीच एकमेकांना सांगतात.

म्हणून अश्रू ढाळणारी पृथ्वी आणि 'झाडे लावा'ची पाटी सध्या बाजूला ठेवा. घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा निवडा. कोथरूडला राहत असाल तर वेताळ टेकडी, सहकारनगरला असाल तर तळजाई. टेकडीवर उंदीरमारीची म्हणजे गिरिपुष्पाची झाडं दिसतील. तीही बाहेरून आणून लावलेली, आणि फुलली की गुलाबी-पांढरी, फार देखणी. तिथेही हाच पेच आहे. रंगवण्याआधी झाडं ओळखणाऱ्या एखाद्या माणसाबरोबर दोन-तीन फेऱ्या माराच.

सामान थोडंच लागतं. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद, आठ-दहा रंग, दोन ब्रश, टोपी. नदीवरचा फेस रंगवताना पांढरा रंग वापरू नका. कागद कोरा सोडा आणि कडेला राखाडी-जांभळी सावली द्या.

ब्रश धुतलेल्या पाण्याबद्दल मी फार काटेकोर आहे. कॅडमियम आणि कोबाल्टच्या रंगांत जड धातू असतात, आणि ॲक्रिलिक तर प्लॅस्टिकच. ते पाणी नदीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. ब्रश आधी जुन्या फडक्यानं पुसायचा, पाणी बाटलीत भरून घरी आणायचं.

पैशांचं विचाराल तर नुसत्या अशा चित्रांवर माझं घर चालत नाही. आठवड्यातले चार दिवस मी चित्रकलेचे वर्ग घेते, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी करून घेते. उरलेल्या दिवसांत नदी. आधी मोठी आर्ट गॅलरी मिळवायच्या मागे लागू नका. सोसायटीचा हॉल, शाळेचा व्हरांडा, वाचनालय इथे सुरुवात करा. भिंत रंगवायची असेल तर मालकाची किंवा महापालिकेची लेखी परवानगी आधी घ्या.

प्रदर्शनात चित्रांपाशी एक कोरी वही ठेवा. माझ्या वहीत एका आजींनी त्यांच्या लहानपणचा विठ्ठलवाडीचा घाट कसा होता ते दीड पान लिहून ठेवलंय. पाणी कुठल्या पायरीपर्यंत यायचं, धुणं कुठे आपटायचे, मासे कुठे दिसायचे. सध्या त्या दीड पानावरून चित्र काढतेय. पायऱ्या जमल्यात, पाण्याचा रंग अजून आजींना पटलेला नाही.