स्लॅगपासून वेल्डिंग फ्लक्स: प्रोजेक्ट घेण्याआधी हे वाचा

मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाची मुलं सल्ला विचारायला येतात, तेव्हा विषय बहुधा ठरवूनच आलेली असतात: स्लॅग (धातू वितळवताना वर तरंगणारी मळी) पडूनच असतो, त्याचा सबमर्ज्ड आर्क वेल्डिंगसाठी फ्लक्स (आर्क आणि जोड झाकणारे, वितळणारे दाणे) करू. मी आधी एवढंच विचारतो: स्लॅग कुठल्या भट्टीचा, आणि त्यात फॉस्फरस किती?

निम्मा प्रोजेक्ट इथेच ठरतो. एलडी कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे ऑक्सिजन फुंकून पोलाद करायच्या भट्टीत, लोखंडातला फॉस्फरस मुद्दाम स्लॅगमध्ये काढलेला असतो. तो स्लॅग आर्कवर घातला की फॉस्फरस पुन्हा जोडात उतरतो आणि जोड ठिसूळ होतो. शिवाय त्यातला मोकळा चुना हवेतली ओल धरतो. सिलिकोमँगनीज या मिश्रधातूच्या भट्टीत उलटं घडतं. कोक फॉस्फरसचंही क्षपण करतो (त्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो), मग फॉस्फरस मिश्रधातूत जातो आणि स्लॅगमध्ये नावापुरता उरतो. बाकी भरपूर सिलिका, थोडा मँगनीज ऑक्साइड, चुना, ॲल्युमिना. म्हणजे मँगनीज-सिलिकेट फ्लक्सच्या जवळचीच घडण! रशियात नोवोकुझनेत्स्कला या स्लॅगवर बरंच काम झालंय. आपल्याकडे चंद्रपूरला सेल या सरकारी पोलाद कंपनीचा फेरो अलॉय (लोहमिश्रधातू) प्लांट आहे. विदर्भातल्या मुलांनी कॉलेजच्या पत्रावर तिथे नमुना मागून बघावा.

स्लॅग फोडल्यावर लगेच चाळू नका. तुकडे उजेडात धरून बघा: काचेसारख्या हिरवट कडांमध्ये धातूचे चकाकते थेंब अडकलेले दिसतात. ते काढल्याशिवाय केलेलं रासायनिक विश्लेषण फसवं येतं. मग साधारण 0.25 ते 2 मिमीचे दाणे ठेवा. भुकटी जास्त राहिली तर वायू बाहेर पडत नाही आणि बीडवर (जोडाच्या पट्टीवर) खळगे येतात. पण भुकटी टाकूनही देऊ नका. सोडियम सिलिकेटमध्ये कालवून, दाणे पाडून, भाजून तीच वापरता येते. वेल्डिंगआधी फ्लक्स 300 ते 350 अंशांवर सुकवायचाच, नाहीतर ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो. थोडा फ्लोरस्पार (कॅल्शियम फ्लोराइडचं खनिज) मिसळला तर फ्लोरिन त्यातला काही हायड्रोजन बांधून घेतो.

मर्यादाही आधीच ओळखा. हा फ्लक्स आम्लधर्मी (सिलिका जास्त असलेला) आहे, त्यामुळे जोडात ऑक्सिजन आणि सिलिकॉन वाढतात आणि त्याचा चिवटपणा घटतो. बीड गुळगुळीत आली म्हणून खूश होऊ नका, चार्पी चाचणी (खाच पाडलेला नमुना एका फटक्यात तोडून चिवटपणा मोजणं) करा, तीही शून्याखालच्या तापमानाला. साध्या स्ट्रक्चरल कामासाठी हा फ्लक्स मला मनापासून पटतो. थंडीत चालणाऱ्या प्रेशर व्हेसलसाठी (दाबाखालच्या टाकीसाठी) त्याचा आग्रह धरू नका.

आणि प्रत्येक पोत्यावर टॅपिंगची (भट्टीतून स्लॅग बाहेर काढल्याची) तारीख लिहून ठेवा. धातुक (भट्टीत घातलेलं खनिज) बदललं की स्लॅगची घडण बदलते, मग दोन पोत्यांचे निकाल एका तक्त्यात मांडता येत नाहीत.