झाडाखाली न जाता कापशीचं घरटं कसं शोधायचं

बेळगावजवळच्या येळ्ळूर, कडोली, सांबऱ्याच्या शिवारात विजेच्या तारेवर पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा पट्टा आणि लालभडक डोळ्यांची जी पाखरू दिसते ना ती कापशी, काहीजण कापशी घार म्हणतात. आपल्याला ती रोजची, पण युरोपात ती दुर्मिळ, आधी स्पेन-पोर्तुगालात थोडीफार होती, तिकडे झाडी मोडून धान्याची शेतं झाली, उंदीर वाढले, तशी ती पसरत गेली आणि १९९० ला फ्रान्समध्ये पहिल्यांदा घरटं केलं. हे कळलं कारण कुणीतरी ते घरटं बघून तारीख टिपून ठेवली. आपण "कापशी दिसली" एवढंच लिहितो आणि पुढं जातो, हे मला फार लागतं.

भात कापून झालं, मसूर-वाटाणा पेरला की सुरू करा. उजाडल्यावर बांधावर बसा, दुर्बीण पाहिजेच. एका जागी पंख फडफडवत हवेत थांबते ती कापशी, पण खरूची म्हणजे छोटा ससाणा पण तशीच थांबते, ती तांबूस असते. भोवत्या म्हणून दुसरा शिकारी पक्षी आहे, त्याचा फिकट राखाडी नर थंडीत येतो, तो शेतावरून खालून तरंगत जातो, हवेत थांबत नाही.

आता मुख्य गोष्ट, झाडं धुंडाळायची नाहीत, नराकडं बघायचं. उंदीर पकडून खांबावरच खाल्ला तर काही कळत नाही, बसून राहा. पण न खाता उंदीर पायात धरून सरळ एकाच दिशेला गेला, दुसऱ्यांदाही तिकडंच गेला, तर तिथल्या बाभळीवर मादी आहे असं समजा. उठून जाऊ नका.

मी एकदा फार जवळ बसलो होतो. नर तारेवर आला, पायात उंदीर, त्याची शेपटी खाली लोंबतेय आणि नराची स्वतःची शेपटी वर-खाली, वर-खाली, वीस मिनिटं तो तिथनं हललाच नाही. मी मागं सरून उसाच्या आड गेलो तेव्हा कुठं तो बाभळीकडं गेला. त्यामुळं नर असा अडकून बसला की आपण चुकलोय, लगेच मागं व्हायचं, कारण मादी उठली तर अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात.

अंडी साधारण ३-४, महिनाभर उबवण, पिल्लं उडायला अजून महिना. म्हणून आठ दिवसांतनं एकदा, त्याच जागेवरनं बघा. तारीख, वेळ, झाड आणि काय दिसलं ते वहीत लिहा, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, टाकताना "अन्न नेताना" किंवा "घरट्यात पिल्लं" यातला जो कोड लागू असेल तो निवडा. अंगावर तपकिरी झाक, पिसांना पांढरी कड आणि डोळे अजून लाल नाहीत अशी कापशी दिसली तर ती यंदाची. घरटं मोडलं तरी तेही लिहा. घरट्याचा फोटो आणि लोकेशन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात नको.

आणि शेताच्या मालकाला भेटाच. "काका, ही बाभळ दोन महिने तोडू नका, हीच तुमचे उंदीर खाते" एवढं सांगा, घरटं मोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे हेही सांगा, पण नंतर, गोडीनं. उंदराचं औषध तेवढे दिवस टाकू नका म्हणावं, औषध खाल्लेला उंदीर पिल्लांच्या पोटात जातो. त्याऐवजी वाटाण्यात चार पक्षीथांबे रोवायला मदत करा, बांबू आणि वर आडवी काठी, बस्स.