डेटाशीटमधील व्होल्टेजचे आकडे जुळत नसतील तर काय करावे

यूसी३८४२ ही एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा) चालवणारी चिप अनेक कंपन्या बनवतात आणि तिच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, पुरवठ्याच्या व्होल्टेजचे ३४, ३०, १६, १५ आणि १० असे पाच आकडे निरनिराळ्या ठिकाणी आढळतात. त्यांतला मधला एखादा धरून चालावे, हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला मुळीच मान्य नाही, कारण यातला प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम चिपवर छापलेला पूर्ण क्रमांक वाचून त्याच कंपनीचे डेटाशीट उघडावे. ३८४३ दिसायला हुबेहूब तशीच असते, पण ती ८.४ व्होल्टला सुरू होते आणि ७.६ व्होल्टला बंद पडते. मग पाचही आकडे एका कागदावर उतरवून प्रत्येकासमोर तक्त्याचे नाव आणि चाचणीची अट लिहावी.

खरी अडचण येते ती १५ आणि १६ या आकड्यांपाशी. चिप १६ व्होल्टला सुरू होते असे एक ओळ सांगते, आणि त्याच तक्त्याच्या माथ्यावर सगळी मोजमापे १५ व्होल्टला घेतल्याचे लिहिलेले असते. मी पहिल्यांदा टेबलावरचा सप्लाय सरळ १५ व्होल्टवर ठेवला. ८ क्रमांकाच्या पिनवर ५ व्होल्ट यायला हवे होते, तिथे शून्य होते. माल बनावट आहे असे समजून मी एकामागून एक तीन चिपा बदलल्या आणि संध्याकाळी कधीतरी बारीक अक्षरातली तळटीप वाचली: पुरवठा आधी सुरू होण्याच्या मर्यादेच्या वर न्यावा आणि मगच १५ वर आणावा. चिप एकदा सुरू झाली की व्होल्टेज साधारण १० पर्यंत उतरले तरी ती चालू राहते, त्यामुळे दोन्ही आकडे बरोबरच होते. तेव्हापासून मी तळटिपा आधी वाचतो आणि तक्ता नंतर, आणि तुम्हीही तसेच करावे असा माझा आग्रह आहे.

३० आणि ३४ यांचा उलगडा सोपा आहे. ३० ही थेट जोडलेल्या पुरवठ्याची कमाल मर्यादा आहे, तर ३४ हे आतल्या झेनरचे (व्होल्टेज ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या डायोडचे) टिपिकल, म्हणजे सर्वसाधारणपणे आढळणारे, व्होल्टेज असून ते २५ मिलिअँपिअर प्रवाहाला मोजलेले असते. काही कंपन्या तिथे ३६ छापतात. झेनरचा किमान आकडा मात्र ३० च असतो, म्हणून ३४ व्होल्टच्या भरवशावर थेट सप्लाय कधीही जोडू नये.

सर्किटची मांडणी करताना टिपिकल आकडा बाजूला ठेवावा. सुरू होण्याची मर्यादा १४.५ ते १७.५ च्या दरम्यान कुठेही असू शकते, म्हणून सुरुवातीचा पुरवठा १७.५ च्या वर पोहोचलाच पाहिजे. बंद पडण्याची मर्यादा ११.५ पर्यंत जाऊ शकते, म्हणून सहायक वाइंडिंगचे (चालू झाल्यावर चिपला पुरवठा देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या वेटोळ्याचे) व्होल्टेज कोणत्याही लोडवर त्याच्या खाली उतरता कामा नये.

शेवटी हातातली चिप मोजून पाहावी. ७ क्रमांकाच्या पिनला पुरवठा, ५ ला ग्राउंड आणि ८ वर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून सप्लायची प्रवाहमर्यादा २० मिलिअँपिअरवर ठेवावी. व्होल्टेज सावकाश वाढवत ८ क्रमांकाच्या पिनवर ५ व्होल्ट कधी येतात ते टिपावे, आणि मग तितक्याच सावकाश उतरवत ते कधी जातात तेही त्याच कागदावर लिहावे.