संवर्धनाचा आराखडा: कुंपणाआधी कॅलेंडर

नकाशावर संवर्धन क्षेत्राच्या हद्दीची रेघ ओढण्याआधी वर्षभराचं कॅलेंडर बनवा. कोणत्या महिन्यात सरपण कोण आणतं, गुरं कुठे चरतात, पाणी कुठून भरतात, हे वापरणाऱ्यांच्याच तोंडून लिहून घ्या. बायका, गुराखी आणि भूमिहीन यांच्या बैठका वेगळ्या घ्या. मोठ्या सभेत जमीनदारच बोलतात, आणि नियमांचा भार मात्र न बोललेल्यांवर पडतो.

मग हा वापर नकाशावर मांडा आणि त्याच नकाशावर झरे, घरट्यांच्या जागा, प्राण्यांच्या वाटा दाखवा. माणसांचा वापर आणि या जागा जिथे एकमेकांवर येतात, तिथेच खरी वाटाघाट करायची आहे.

सगळं क्षेत्र एकदम बंद करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. चराई थांबत नाही, शेजारच्या टेकडीवर सरकते. त्याऐवजी क्षेत्राचे तीन भाग करून आलटून पालटून एकेक बंद ठेवा. बंद भागातलं गवत बी झडल्यावर कापून नेऊ द्या, म्हणजे पहिल्याच वर्षी हाती काहीतरी येतं. नैसर्गिक गवताळ माळावर झाडं लावू नका. सावलीत तिथलं गवत आणि त्यावर जगणारे पक्षी दोन्ही जातात.

‘जंगल सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘5 वर्षांत ओढ्याच्या दोन्ही काठांवर 10 मीटर रुंद स्थानिक झाडोरा’ हे मोजता येतं. ठरलेल्या जागांवरून दरवर्षी त्याच महिन्यात फोटो घ्या, तुलनेसाठी काम न केलेला एक तुकडा राखा. सरपणाला लागणारे तासही नोंदवा. ते वाढत असतील तर नियम लगेच बदला.

आराखडा तपासायला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या 2020च्या निसर्गाधारित उपायांच्या (निसर्ग राखून माणसांच्या अडचणी सोडवणाऱ्या कामांच्या) मानकातले 8 निकष उपयोगी पडतात.